कॅल्विन जिंकू दे, दोन दिवस सोडून

फेब्रुवारी लागला की मी कॅल्विन युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल संघासाठी देव पाण्यात ठेवते. कॅल्विन माझं नव्हे. आमच्या गावचं कॉलेज होप. कपाटातला स्वेटशर्ट होपच्या नारिंगी-निळ्या रंगांचा, आणि कॅल्विनचं नाव निघालं की इथल्या लोकांच्या कपाळावर जी बारीकशी आठी पडते ती आता माझ्याही पडते. तरी कॅल्विनने बाकीच्या कॉलेजांना, म्हणजे ॲल्माला हरवावं, ऑलिव्हेटला हरवावं, कॅलमझूला त्यांच्या घरी जाऊन हरवावं असं मला अगदी मनापासून वाटत असतं. दोन दिवस सोडून. त्या दोन दिवशी ते आमच्याशी खेळतात, आणि तेव्हा त्यांची पार धूळधाण उडावी.

आम्ही राहतो हॉलंडला. नेदरलँड्समध्ये नाही, मिशिगन राज्याच्या पश्चिम काठावरच्या हॉलंडला. नवऱ्याची नोकरी इथल्या एका फर्निचर कंपनीत, म्हणून नागपूरच्या उन्हातून उठून थेट सरोवरावरून येणाऱ्या बर्फात येऊन पडलो. पहिल्या हिवाळ्यात मला या गावाची दोन नवलं वाटली. एक, बाजारपेठेतल्या रस्त्यांखाली नळ्या घातलेल्या आहेत. वीजकेंद्रातल्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी तापवून १९८८ पासून ते रस्त्याखालून फिरवतात, त्यामुळे चहूकडे गुडघाभर बर्फ साचला तरी फुटपाथ कोरडे ठणठणीत. आणि दुसरं, बुधवारी संध्याकाळी त्या कोरड्या फुटपाथवरून गावातली माणसं एकाच दिशेला चालत निघतात. आजी-आजोबा, नर्सरीतली पोरं, चर्चमधले पाद्री, दुकान बंद करून आलेले दुकानदार. कुठे चालले हे सगळे, म्हणून एकदा त्यांच्यामागून गेले, ती डेव्हॉस फील्डहाउसच्या दारात पोचले.

आत कॉलेजच्या पोरांचा बास्केटबॉलचा सामना होता. टीव्हीवर नसलेला, पेपरात आतल्या पानावर चार ओळीत येणारा. आणि खुर्च्या भरलेल्या.

ही कॉलेजं ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, आहेत तिचं मिशिगन इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन असं लांबलचक नाव आहे, सगळे एमआयएए म्हणतात. १८८८ सालची, अमेरिकेतली सर्वांत जुनी कॉलेज कॉन्फरन्स. म्हणजे बास्केटबॉलपेक्षाही तीन वर्षांनी मोठी, कारण नेस्मिथ मास्तरांनी स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएत पीचची टोपली टांगली ती १८९१ मध्ये. (त्याच वायएमसीएवाल्यांनी हा खेळ आपल्याकडे आणला. आईने तो नागपूरला कॉलेजात असताना साडीचा पदर खोचून खेळलेला आहे. आईबद्दल पुढे सांगते.) पुरुषांच्या गटात आठ कॉलेजं: होप, कॅल्विन, ॲल्मा, ॲल्बियन, ॲड्रियन, ऑलिव्हेट, कॅलमझू, आणि राज्याची हद्द ओलांडून इंडियानातल्या अँगोला गावचं ट्राइन. मुलींच्या गटात सेंट मेरीज ही नववी. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरी आणि एकदा त्यांच्याकडे. पुरुषांचे असे चौदा सामने होतात. बहुतेक बुधवारी आणि शनिवारी.

चौदा हा आकडा मला फार आवडतो. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाच्या सगळ्यात वरच्या थरात, साडेतीनशेच्या वर संघ आहेत. त्यातले किती माणसाच्या डोक्यात राहतील? तिथल्या चाहत्याला स्वतःचा संघ आणि टीव्हीवर दिसणारे वीस-पंचवीस, एवढंच जग. इथे सगळी लीग डोक्यात मावते. ॲल्माचे विद्यार्थी स्कॉटिश परंपरेचा अभिमान म्हणून चौकड्यांचे किल्ट घालून बँड वाजवतात. ॲड्रियनला जायला गाडीने अडीच-तीन तास लागतात. ट्राइनची बचावफळी तुम्हाला साठ गुणांच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही असा चंग बांधूनच उतरते. हे सगळं दोन हिवाळ्यांत आपोआप पाठ होतं. कुणी शिकवत नाही. बाजूला बसलेली माणसं बोलत असतात, ते कानावर पडत राहतं.

माझ्या बाजूला एक आजी-आजोबा बसतात. आजी होपच्या, आजोबा कॅल्विनचे. आजोबा होपच्या घरच्या सामन्यालासुद्धा मरून स्वेटर घालून येतात आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही, कारण असली लग्नं इथे पुष्कळ आहेत.

होप आणि कॅल्विन ही भाऊबंदकी आहे, आणि खरीखुरी. १८४७ साली व्हान राल्टे नावाच्या धर्मगुरूबरोबर डच माणसं इथल्या जंगलात येऊन वसली. दहा वर्षांत त्यांच्यात फूट पडली. १८५७ मध्ये काही मंडळ्या जुन्या रिफॉर्म्ड चर्चमधून बाहेर पडल्या आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. राहिलेल्यांचं कॉलेज होप, बाहेर पडलेल्यांचं ग्रँड रॅपिड्सचं कॅल्विन. दोन्हीमध्ये अंतर गाडीने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचं. मूळ भांडण कोणत्या स्तोत्रावरून नि कोणत्या सिद्धांतावरून झालं ते आता इथल्या तरुण पोरांना विचारलं तर धड सांगता येणार नाही, पण २९ जानेवारी १९९७ ला ग्रँड रॅपिड्सच्या नव्याकोऱ्या व्हान अँडेल अरीनात होप-कॅल्विन सामन्याला ११,४४२ माणसं आली होती, हा आकडा मात्र कुणीही झोपेतून उठवलं तरी सांगेल. डिव्हिजन थ्रीच्या सामन्याला एवढी गर्दी त्याआधी कधी जमली नव्हती. आजी-आजोबा दोघेही त्या रात्री तिथे होते, वेगवेगळ्या बाजूंना बसलेले. घरी परतताना गाडीत कोण काय बोललं ते दोघेही सांगत नाहीत.

डिव्हिजन थ्री म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, कारण सगळी गंमत त्यात आहे. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाचे तीन थर. वरच्या थरात आता खेळाडूंना उघड पैसे मिळतात, दरवर्षी कॉलेज बदलता येतं. सगळ्यात खालच्या, आणि संख्येने सगळ्यात मोठ्या थरात चारशेच्या वर कॉलेजं आहेत आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. गरजेप्रमाणे किंवा अभ्यासावर मदत मिळेल, पण तुझा जंप शॉट चांगला आहे म्हणून फी माफ, असं होणार नाही. पोरगा फी भरतो, आणि खेळतो. ॲड्रियन कॉलेजने तर याच गोष्टीवर आपलं बुडतं गलबत सावरलं. विद्यार्थी कमी होत होते, तेव्हा त्यांनी नवेनवे संघ काढले, मैदानं बांधली आणि खेळायला मिळेल म्हणून येणाऱ्या मुलांनी वर्ग भरले. मिशिगनच्या उत्तर टोकाचं फिनलँडिया २०२३ मध्ये कायमचं बंद झालं, तेव्हा छोटी कॉलेजं किती पातळ बर्फावर उभी आहेत ते इथल्या सगळ्यांना कळलं. गुणतक्त्यात आठवा असलेला संघसुद्धा त्याच्या गावासाठी जिवंत राहण्याचा भाग असतो, हे मला कळायला हवं होतं त्यापेक्षा हळूहळूच कळलं.

यातल्या कुणाला एनबीए, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंची मोठी लीग, दिसत नाही. क्वचित एखादा निघतो. विल्यम्स कॉलेजमध्ये एक वर्ष खेळून पुढे मिशिगन विद्यापीठात गेलेला डंकन रॉबिन्सन एनबीएत पोचला. पण ते दुसऱ्या कॉन्फरन्सचं, आणि हजारातलं एखादंच. आमच्याकडचा पॉइंट गार्ड पुढच्या वर्षी शाळेत गणित शिकवत असेल किंवा नर्सिंगच्या परीक्षा देत असेल. त्यामुळे फेब्रुवारीतला प्रत्येक सामना कुणाच्या तरी शेवटाकडे जात असतो, आणि हे खेळणाऱ्यालाही माहीत असतं आणि बघणाऱ्यालाही.

तर मूळ प्रश्न. कॅल्विन का जिंकावं?

राष्ट्रीय स्पर्धेत चौसष्ट संघ. त्यात चाळीसहून जास्त जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट मिळतात. उरलेल्या वीसएक जागांसाठी बाकी सगळ्या देशाने भांडायचं. हंगामाच्या शेवटी होणारी आमच्या कॉन्फरन्सची स्पर्धा एकच संघ जिंकणार. तुम्ही जानेवारीपासून सगळ्यांना लोळवलं आणि त्या एका शनिवारी तुमच्या पोरांचे थ्री पॉइंटर रिंगवर आपटून बाहेर गेले, तर तुमचं भवितव्य त्या वीस जागांत. आणि तिथे नुसतं किती जिंकलात एवढ्यावर भागत नाही, कोणाला हरवलंत ते विचारतात. पूर्वी विभागवार समित्या बसायच्या. २०२४-२५ पासून एनपीआय नावाचा एक निर्देशांक आला. प्रत्येक सामन्याला निकालाप्रमाणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीप्रमाणे गुण, त्यावरून क्रम. पद्धत बदलली तरी चाहत्यांचं गणित तेच राहिलं. तुम्ही ज्याला हरवलंत तो पुढे जितका जिंकेल तितका तुमचा विजय वजनदार. म्हणजे होपने कॅल्विनला हरवल्यावर कॅल्विनने उरलेलं सगळं जग जिंकणं होपच्या हिताचं.

आजोबांनी मला हे पहिल्यांदा समजावलं ते सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, बोटभर पेन्सिलीने. दोन संघांची बरोबरी झाली तर आपसातल्या सामन्यांचा निकाल बघायचा. तिथेही बरोबरी असेल तर तक्त्यात सगळ्यात वर असलेल्या संघाशी कोणी कसं खेळलं ते बघायचं, मग त्याच्या खालच्याशी. वर राहणाऱ्याला घरचं मैदान. घरचं मैदान म्हणजे तीन तासांचा बसप्रवास वाचला, आणि साडेतीन हजार माणसं समोरच्याच्या फ्री थ्रोच्या वेळी उभी. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “आता मला सांग, आज रात्री ऑलिव्हेटमध्ये कोण जिंकायला हवं?” मी बराच वेळ आकडेमोड केली. उत्तर ऑलिव्हेट निघालं. ज्या संघाबद्दल मला तोवर काडीचंही देणंघेणं नव्हतं, त्याच्यासाठी त्या रात्री माझा जीव टांगणीला लागला.

शेवटच्या दोन आठवड्यांत फील्डहाउसमध्ये बसलात तर एक मजा दिसेल. समोर सामना चाललेला असतो आणि निम्म्या लोकांच्या मांडीवर फोनमध्ये दुसरा. होपचा पोरगा फ्री थ्रो मारायला उभा, सगळीकडे चिडीचूप, आणि वरच्या रांगेतून कुणीतरी ओरडतं, “ॲल्मा पाचने पुढे!” लगेच अर्ध्या स्टँडमध्ये टाळ्या. पोरगा दचकतो. चेंडू रिंगवर. मग ओरडणाऱ्याकडे सगळ्यांच्या माना वळतात आणि तो बिचारा पॉपकॉर्नच्या पिशवीत तोंड घालतो. मला वाटतं, प्रशिक्षकांनी हे बंद पाडावं अशी रीतसर सूचना यायला हवी. पण ती आली तर सगळ्यात आधी मोडणार मीच.

या काळात ज्यांचा राग यायचा त्यांच्याबद्दल उलटंसुलटं वाटायला लागतं. कॅल्विनचा एक सेंटर आहे, जाडजूड, कोपरं बाहेर काढून रिबाउंड घेणारा. जानेवारीत त्याने आमच्या पोराच्या बरगडीत कोपर घातलं तेव्हा मी उभी राहून मराठीत जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीन आठवड्यांनी तोच पोरगा ट्राइनविरुद्ध शेवटच्या मिनिटाला रिबाउंडसाठी झेपावला आणि मी घरात सोफ्यावरून उठून ओरडले, “घे रे राजा, घे!” नवऱ्याने स्वयंपाकघरातून विचारलं, “होप जिंकतंय का?” काय सांगणार त्याला. त्याला क्रिकेटशिवाय काही कळत नाही.

आईला मात्र सगळं कळतं. आमचे संध्याकाळी साडेसातचे सामने नागपुरात सकाळी सहाला पडतात. ती तेव्हा उठलेलीच असते. एकदा सहज सामन्याच्या थेट प्रक्षेपणाची लिंक पाठवली आणि चूक झाली असं म्हणायची सोय उरली नाही, कारण आता चहाच्या कपाबरोबर एमआयएए बघणारी धंतोलीतली ती एकमेव बाई असावी. तिची मतं ठाम आहेत. “तुमचा तो लांबोडा पोट्टा फ्री थ्रोले वाकूनच नाही राहिला, गुडघा वाकव म्हण त्याले.” किंवा, “कोचने टाइमआउट का नाही घेतला? झोपला का तो?” मी सांगते, आई, मी प्रेक्षकांत बसते, कोचच्या शेजारी नाही. ती म्हणते, “मग ओरडून सांग. एवढा गळा कशाले दिला देवाने?” तिला होप आवडतं, पण तिचा जीव ॲल्बियनवर. का, विचारलं तर म्हणते, ते सारखे हरतात, कोणीतरी त्यांच्या बाजूने बसायला पाहिजे. ॲल्बियन एखादं वर्ष चांगलं खेळतं तेव्हा तिची जरा पंचाईत होते.

घरच्या शेवटच्या सामन्याला सीनियर नाइट असते. शेवटच्या वर्षाची पोरं आईवडिलांचा हात धरून कोर्टाच्या मध्यावर येतात, आयांना फुलं देतात, ध्वनिक्षेपकावर नाव, गाव, विषय वाचून दाखवतात. जीवशास्त्र. अकाउंटिंग. सोशल वर्क. पाहुण्या संघाच्या चाहत्यांनीही उभं राहायचं, हा अलिखित नियम आहे आणि तो पाळला जातो. मला मात्र तो सोहळा थोडा लांबतो असं वाटतं, विशेषतः पाठीमागे आकडेमोड अर्धवट राहिलेली असताना. खरा निरोप नंतर असतो, जो कुणी आखलेला नसतो. तो कुठल्यातरी परक्या गावात, स्पर्धेतल्या हरलेल्या सामन्याच्या शेवटच्या चाळीस सेकंदांत येतो. कोच एकेका सीनियरला बाहेर बोलावतो, पोरगा बाकावर येऊन टॉवेल डोक्यावर ओढून घेतो. लहानपणापासून रोज केलेली गोष्ट आत्ता संपली. हे दर वर्षी, देशभरातल्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजात होतं. राष्ट्रीय स्पर्धेतून शेवटचा सामना जिंकून घरी जाणारा संघ वर्षात एकच.

आणि कधी तर तोही नाही. २०२० मध्ये होपच्या मुली एकही सामना हरल्या नव्हत्या. कॉन्फरन्स जिंकली, राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेऱ्या झाल्या, गावातली माणसं पुढच्या शनिवारची आखणी करत होती. १२ मार्चला कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएने हिवाळ्यातल्या नि वसंतातल्या सगळ्या स्पर्धा रद्द केल्या. हरल्या नाहीत, जिंकल्याही नाहीत, संपल्या. पुढच्या वर्षी साथीमुळे डिव्हिजन थ्रीची राष्ट्रीय स्पर्धा भरलीच नाही, आणि त्या छाटलेल्या हंगामातही या मुली अपराजित राहिल्या. २०२२ मध्ये होपने विजेतेपद मिळवलं, १९९० आणि २००६ नंतरचं तिसरं. सगळं गाव आनंदात होतं. आजी मात्र टाळ्या वाजवता वाजवता म्हणाल्या, “यातल्या काही जणी २०२० मध्येही होत्या. ज्या नव्हत्या त्यांचं काय?” त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, आणि आजींनाही ते नको होतं. त्या फक्त नोंद करत होत्या. दर सामन्याचा हिशेब वहीत लिहिणारी बाई आहे ती.

मोठ्या लीगच्या चाहत्यांना वाटतं की एवढ्याशा पोरांच्या पाठी एवढा जीव टाकायचा म्हणजे खुळेपणा. असेलही. पण ते लोक प्रतिस्पर्ध्याचा तिरस्कार करण्याचे पैसे भरतात, बारा महिने. आम्हाला ती चैन परवडत नाही. आमचं नशीब कॅल्विन, ट्राइन, ॲल्मा यांच्याशी असं बांधलेलं आहे की त्यांचं वाईट चिंतायला आम्हाला वर्षातून दोनच दिवस मिळतात.

मार्च २०२४ मध्ये याची जरा जास्तच परीक्षा झाली. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ट्राइन पोचलं. हेच ट्राइन २००८ पर्यंत ट्राय-स्टेट या नावाने ओळखलं जायचं आणि २००४ मध्ये आमच्या कॉन्फरन्समध्ये आलं होतं. जुन्या मंडळींच्या लेखी अजून ‘नवीन आलेले’. समोर व्हर्जिनियाचं हॅम्पडन-सिडनी. सामना फोर्ट वेनला, म्हणजे अँगोलापासून तासाभराच्या आत. कॅल्विनने १९९२ आणि २००० मध्ये विजेतेपद आणलं होतं, होपचे पुरुष १९९६ आणि १९९८ मध्ये अंतिम सामन्यात जाऊन हरले होते. आता हे नवीन आलेले.

आम्ही आजी-आजोबांच्या घरी बघितला. आजोबांनी मरून स्वेटर घातला होता, आजींनी निळा, मी नारिंगी स्कार्फ, आणि तिघांच्याही अंगावर ट्राइनचा रंग औषधालासुद्धा नव्हता. पहिल्या पाच मिनिटांत कुणी फारसं बोललं नाही. मग ट्राइनच्या एका गार्डने चेंडू हिसकावला आणि आजोबा खुर्चीच्या हातावर थाप मारून ओरडले, “बघ, हेच आमच्याशी केलं होतं या पोराने!” त्यांच्या आवाजात राग होता की अभिमान, ओळखू येईना. उत्तरार्धात तर आम्ही तिघेही पंचांच्या नावाने शंख करत होतो. ट्राइन ६९-६१ ने जिंकलं.

आजोबांनी पेन्सिल शोधली, टेबलावरचं बिल उलटं केलं आणि पुढच्या जानेवारीचे होप, कॅल्विन आणि ट्राइनचे सामने मांडायला सुरुवात केली. वेळापत्रक अजून यायचं होतं. “राष्ट्रीय विजेत्याला दोन्ही वेळा हरवलं,” ते म्हणाले, “तर कोण नाही म्हणेल आम्हाला?”

“आधी तुझ्या पोरांना फ्री थ्रो मारायला शिकव,” आजी म्हणाल्या, आणि त्यांनी ते बिल ओढून घेतलं, कारण ते विजेचं होतं आणि भरायचं राहिलं होतं.